गुणसूत्रांपासून सुभाषितांपर्यंत : दामोदर कोसंबींच्या संशोधनाचे आपण काय करावे?

जालना जिल्ह्याची ओळख दोन गोष्टींनी होते, आणि या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा कोणास वाटत नाही. पहिली ओळख बियाण्यांची. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि पुढे संकरित बियाण्यांचे शहर म्हणून जालना देशभर ओळखले जाऊ लागले. दुसरी ओळख भोकरदनची. केळना नदीकाठचे हे तालुक्याचे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुत येथील स्तूपांवरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचे उल्लेख कोरलेले आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या याच मातीतील माणसे विंध्यापलीकडच्या स्तूपांना दान देत होती.

बियाण्याचा अभ्यास करणारा विद्यार्थी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसतो. दानलेखांचा अभ्यास करणारा पाली आणि प्राचीन इतिहासाच्या वर्गात बसतो. दोघांची गाठ पडत नाही. आपल्या चळवळीतील अभ्यासकांतही ही वाटणी खोलवर रुजली आहे. जो धम्मावर लिहितो तो मोजमापाच्या वाटेला जात नाही, आणि जो विज्ञान शिकतो तो धम्माचा इतिहास हा आपला विषय मानत नाही. वास्तविक बाबासाहेबांनी नागसेनवनात जे मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये सुरू केले त्यात कला आणि विज्ञान या दोन्ही विद्यांची सोय होती. मराठवाड्यातील मुलांनी अर्धी विद्या घ्यावी अशी त्यांची कल्पना नव्हती.

ही वाटणी ज्यांनी प्रत्यक्ष मोडून दाखविली असे एक मराठी भाषिक संशोधक म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. वनस्पतींच्या आनुवंशिकतेपासून भर्तृहरीच्या काव्यापर्यंत आणि नाण्यांच्या वजनापासून गीतेच्या तत्त्वज्ञानापर्यंत त्यांचे संशोधन पसरलेले आहे. त्यांच्याविषयी आपल्याकडे दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. काही जण त्यांच्या विद्वत्तेने दिपून जातात. काही जण ‘त्यांनी जातीचा प्रश्न नीट पाहिला नाही’ एवढे म्हणून त्यांना बाजूस सारतात. आमच्या मते हे दोन्ही मार्ग सोपे आहेत आणि म्हणूनच अपुरे आहेत. कोसंबींचे कोणते कार्य आपण घ्यावे, कोणते तपासून घ्यावे आणि कोठे त्यांच्याशी असहमत व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पिता आणि पुत्र

दामोदर कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी यांचे नाव या नियतकालिकाच्या वाचकांस नवीन नाही. बुद्धाच्या शोधात घर सोडून निघालेला, सिंहलद्वीपात जाऊन पाली शिकलेला आणि मराठीत ‘भगवान बुद्ध’ हा चरित्रग्रंथ लिहिणारा हा थोर पंडित. ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि त्या निमित्ताने दामोदर यांचे शिक्षण तेथे झाले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते परतले. पुढे बनारस, अलीगढ, पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय आणि १९४५ पासून मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था येथे त्यांनी गणिताचे काम केले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

पित्याकडून त्यांनी पाली-संस्कृतची बैठक घेतली, परंतु पित्याची श्रद्धा घेतली नाही. त्यांनी मार्क्सची विचारपद्धती स्वीकारली. हे सांगणे आवश्यक आहे, कारण धर्मानंदांचे पुत्र म्हणून त्यांच्याकडे ‘आपला माणूस’ या भावनेने पाहण्याचा मोह होतो. विचारवंताचे मूल्य वंशावरून ठरवू नये, ही तर तथागतांचीच शिकवण आहे. ती कोसंबींनाही लागू करावी.

मोजणीची शिस्त

कोसंबींच्या नावाने जगभर जे ओळखले जाते ते एक लहानसे गणिती सूत्र आहे. १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी ते मांडले. त्याचा आशय सामान्य वाचकास समजण्यासारखा आहे. वनस्पतीचे वा प्राण्याचे गुण ज्यांतून पुढच्या पिढीत जातात ती जनुके गुणसूत्रांवर ओळीने मांडलेली असतात. पुढच्या पिढीची बीजपेशी तयार होताना जोडीच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. जी जनुके जवळजवळ असतात ती बहुधा एकत्रच पुढे जातात, जी दूर असतात त्यांची ताटातूट अधिक होते. तेव्हा किती संततीत ताटातूट झाली हे मोजले की दोन जनुकांमधील अंतर काढता येते.

अडचण अशी की एकाच टप्प्यात दोनदा अदलाबदल झाली तर ती बाहेरून दिसत नाही. दोन जनुके पुन्हा एकत्रच दिसतात. म्हणून मोजलेली ताटातूट ही खऱ्या अंतरापेक्षा कमी भरते. हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये यासाठी एक सूत्र दिले होते. त्यात प्रत्येक अदलाबदल दुसरीपासून स्वतंत्र असते असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या आसपास दुसरी होण्यास अटकाव होतो. हा अटकाव कोसंबींनी हिशेबात घेतला. ताटातूट शेकडा २० असेल तर हॉल्डेनच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ सेंटिमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२. पिकांच्या जनुकीय नकाशांचे काम करणारे संशोधक आजही या दोन सूत्रांपैकी एकाचा उपयोग करतात. जालन्याच्या परिसरात बियाण्यांच्या संशोधनात शिरणाऱ्या विद्यार्थ्यास हे नाव सूत्र म्हणून भेटते. त्या नावामागे विहारांच्या इतिहासाचा अभ्यासक आहे, हे त्यास कोणी सांगत नाही.

यातून आम्हांस जे महत्त्वाचे वाटते ते सूत्रापेक्षा त्यामागील वृत्ती. जे डोळ्यांस दिसते ते संपूर्ण सत्य नसते आणि न दिसणाऱ्या घटनेचाही हिशेब मांडता येतो. मात्र तो मनाने नव्हे, नियमाने मांडावा लागतो. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी परंपरा, ग्रंथ वा गुरू यांच्या अधिकारावर विसंबू नका असे सांगितले, याचा आपण नेहमी उल्लेख करतो. पण अधिकार नाकारल्यानंतर पुढे काय करायचे, याचा एक नमुना अशा कामात दिसतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. विस्तार हा स्वयंसिद्ध गुण नव्हे. १९५९ मध्ये कोसंबींनी गणितातील प्रसिद्ध रीमान गृहीतकाची सिद्धता सापडल्याचा दावा शेतीच्या संख्याशास्त्राला वाहिलेल्या नियतकालिकात केला. गणितज्ञांनी तो मान्य केला नाही. ज्याच्या नावापुढे आपण मान झुकवतो त्याचेही प्रत्येक विधान तपासावे लागते, याचे हे उदाहरण होय.

विरक्तीचे दोन प्रकार

वनस्पतींच्या पिढ्यांकडून हस्तलिखितांच्या पिढ्यांकडे येणे वाटते तितके दूरचे नाही. एका पोथीवरून दुसरी उतरविताना चुका शिरतात. त्या चुका पुढच्या प्रतींत उतरतात आणि त्यांवरून प्रतींची कुळे ओळखता येतात. भर्तृहरीच्या नावावर चालत आलेल्या सुभाषितांचे संपादन कोसंबींनी याच शिस्तीने केले. तीनशेहून अधिक हस्तलिखितांचा त्यांनी विचार केला आणि १९४८ मध्ये त्यांचे चिकित्सक संपादन प्रसिद्ध झाले. सर्व परंपरांत सामान्यतः आढळणारे सुमारे २०० श्लोक त्यांनी एका बाजूस काढले आणि नंतरच्या काळात भरत गेलेले शेकडो श्लोक दुसऱ्या बाजूस ठेवले. ज्या ग्रंथास लोक एका ऋषितुल्य राजाची अखंड रचना मानत होते तो प्रत्यक्षात शतकानुशतके फुगत गेलेला संग्रह होता, हे या छाननीने उघड झाले. मनुस्मृती, पुराणे, माहात्म्ये यांच्या वाचकांस ही दृष्टी किती उपयुक्त आहे हे वेगळे सांगावयास नको.

परंतु कोसंबी पाठाच्या छाननीवर थांबले नाहीत. भर्तृहरीच्या वैराग्याचा दर्जा काय, असा प्रश्न त्यांनी एका स्वतंत्र निबंधात उपस्थित केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : हा कवी राजाश्रयावर जगणाऱ्या शिक्षित वर्गाचा कवी आहे. धनिकाच्या दारात होणारा अपमान त्यास सलतो. पण ती व्यवस्था बदलण्याचे बळ वा इच्छा त्याच्याजवळ नाही. म्हणून तो कधी नीतीचा उपदेश करतो, कधी शृंगारात रमतो, कधी अरण्याची स्वप्ने पाहतो. चिनी प्रवासी इत्सिंग याने भर्तृहरी नावाच्या एका विद्वानाविषयी अशी आख्यायिका नोंदविली आहे की तो सात वेळा भिक्षू झाला आणि सात वेळा संसारात परतला. कवी आणि हा विद्वान एकच होते की नाही हा प्रश्न निराळा. आख्यायिका मात्र त्या वृत्तीस चपखल बसते.

आमच्या मते कोसंबींचे हे परीक्षण मराठी समीक्षेने अधिक गंभीरपणे घ्यावयास हवे होते, आणि बौद्ध वाचकाने त्यात एक पाऊल पुढे जावे. सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाची रूढ कथा म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून आलेल्या वैराग्याची आहे. धर्मानंदांनी ती नाकारली आणि शाक्य-कोलियांमधील रोहिणी नदीच्या पाण्याच्या वादाकडे लक्ष वेधले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हाच वाद गृहत्यागाच्या मुळाशी ठेवला. तेथे गृहत्याग हा निराशेतून नव्हे तर युद्धास दिलेल्या नकारातून येतो. भर्तृहरीची विरक्ती माणसांकडे पाठ फिरवते, तथागतांची विरक्ती माणसांत परत येते. हा भेद कोसंबींच्या विश्लेषणामुळे अधिक स्वच्छ दिसतो, जरी तो त्यांनी या शब्दांत मांडलेला नसला तरी.

विहारात झालेला काव्यसंग्रह

कोसंबींचे दुसरे मोठे संपादन आपल्या दृष्टीने अधिक जवळचे आहे. आज बांगलादेशात असलेल्या जगद्दल विहारातील विद्याकर या बौद्ध पंडिताने अकराव्या शतकाच्या अखेरीस आणि बाराव्याच्या आरंभी ‘सुभाषितरत्नकोश’ संकलित केला. त्यात सतराशेहून अधिक श्लोक आहेत. त्याची एक प्रत नेपाळात होती, तर दुसरी तिबेटातील एका विहारात राहुल सांकृत्यायन यांच्या दृष्टीस पडली आणि तिची छायाचित्रे भारतात आली. बौद्ध विद्येचे अभ्यासक वा. वि. गोखले यांच्यासह कोसंबींनी हा ग्रंथ संपादित केला. १९५७ मध्ये तो हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत निघाला.

संग्रहाचा आरंभ सुगताच्या आणि बोधिसत्त्वांच्या स्तुतीने होतो. त्यामागोमाग महेश्वर आणि विष्णू येतात, आणि मग ऋतुवर्णने व शृंगार यांचा विस्तीर्ण प्रदेश सुरू होतो. विहारात बसलेला आचार्य दरबारी रसिकतेचे श्लोक निवडतो, ही गोष्ट त्या काळच्या संघाविषयी पुष्कळ काही सांगते. कोसंबींनी प्रस्तावनेत या काव्याचा वर्गदृष्टीने विचार केला. ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद करणारे डॅनियल इंगल्स यांना तो विचार मान्य नव्हता. १९६५ च्या आपल्या अनुवादात त्यांनी तसे स्पष्ट म्हटले आणि संस्कृत काव्यास त्याच्या स्वतःच्या नियमांनी वाचावे असा आग्रह धरला.

या वादात आम्ही पूर्णपणे कोणत्याही एका बाजूस नाही. इंगल्स यांचे म्हणणे इतके खरे की काव्य हे केवळ आश्रयदात्याचे ऋणपत्र नसते. याच संग्रहात दरिद्री घराचे, उपाशी मुलांचे आणि शेतावरील जीवनाचे बारकाईने केलेले वर्णन आहे आणि ते खोटे नाही. परंतु कोसंबींचा प्रश्न त्यामुळे संपत नाही. या श्लोकांत दरिद्री माणूस दिसतो, पण बोलतो कोण? बोलतो तो त्यास पाहणारा कवी. याउलट ‘थेरीगाथा’ उघडावी. तेथे पाणी वाहणारी दासी पुण्णिका स्वतः बोलते, आणि थंडीत नदीत बुडी मारून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणास प्रतिप्रश्न करते. पाली गाथांतील दासीचा आवाज ते दरबारी संग्रहातील दारिद्र्याचे वर्णन, हा प्रवास म्हणजे संघाच्या इतिहासाचा एक कठोर आलेख होय. कोसंबींनी ग्रंथ हाती दिला. हा आलेख काढण्याचे काम आपले आहे. आपल्या दलित आणि बौद्ध साहित्याच्या समीक्षेने ‘वर्णन कोणाचे’ आणि ‘आवाज कोणाचा’ हा भेद अनेकदा मांडला आहे. त्याची मुळे किती जुनी आहेत हे येथे दिसते.

गीता, जात आणि धम्माचा ऱ्हास

धार्मिक तत्त्वज्ञानाच्या क्षेत्रात कोसंबींचा सर्वांत चर्चिलेला निबंध गीतेवरील आहे. तो ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या १९६२ च्या ग्रंथात समाविष्ट आहे. गीता ही बुद्धोत्तर रचना आहे, तिने परस्परविरोधी मतांना एकत्र बसविले आहे आणि म्हणूनच कोणीही तिच्यातून आपल्याला हवा तो अर्थ काढू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तिच्यातील भक्ती ही स्वामिनिष्ठेवर उभ्या असलेल्या सरंजामी समाजास सोयीची ठरली, असेही त्यांनी दाखविले. बाबासाहेबांचे गीतेवरील विवेचन ‘प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती’ या त्यांच्या हयातीत अपूर्ण राहिलेल्या लेखनात आहे. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात ते १९८७ मध्ये प्रकाशित झाले. गीता ही बौद्ध क्रांतीविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिक्रांतीस तात्त्विक आधार पुरविणारी रचना आहे आणि तिने बौद्ध विचारांतून उसनवारी केली आहे, असे बाबासाहेबांचे मत. कोसंबींना हे लेखन वाचावयास मिळाले नाही. दोन स्वतंत्र बुद्धी, दोन वेगळ्या वाटा, आणि निष्कर्ष मात्र शेजारी आलेले. याचे मोल मोठे आहे.

मतभेद सुरू होतो तो धम्माच्या ऱ्हासाच्या प्रश्नावर. कोसंबींचे उत्तर आर्थिक आहे. प्रारंभी विहार व्यापारी मार्गांवर उभे राहिले. त्यांनी नव्या प्रदेशांत शेती, व्यापार आणि पतव्यवहार यांना चालना दिली. पुढे स्वयंपूर्ण खेड्यांची व्यवस्था आली, दूरचा व्यापार आटला आणि संपत्ती साठवून बसलेले विहार समाजास भार झाले. खेड्यांना पंचांग सांगणारा आणि स्थानिक देवतांना आपल्या पुराणांत सामावून घेणारा ब्राह्मण अधिक उपयोगी पडला. या मांडणीत पुष्कळ तथ्य आहे. पण ब्राह्मण ‘उपयोगी पडला’ असे म्हटले की विषमतेची किंमत कोणी मोजली हा प्रश्न मागे पडतो. जात म्हणजे उत्पादनाच्या प्राथमिक पातळीवरील वर्ग, अशी कोसंबींची भूमिका होती. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच ‘जातिव्यवस्थेचे उच्चाटन’ या निबंधात दाखविले होते की जात केवळ श्रमाची विभागणी करीत नाही, ती श्रमिकांचीच विभागणी करते आणि त्यांना चढत्या-उतरत्या पायऱ्यांवर बसविते. उत्पादनाची पातळी वाढली तरी ही शिडी आपोआप मोडत नाही, हे आपल्या शहरांनी आणि कारखान्यांनी सिद्ध केले आहे.

ऱ्हासाच्या कारणांत बाबासाहेबांनी आणखी एक सूक्ष्म मुद्दा मांडला. आक्रमणांत विहार उद्ध्वस्त झाले आणि भिक्षू मारले गेले, तेव्हा संघ पुन्हा उभा राहिला नाही. कारण भिक्षू घडवावा लागतो, त्यास शिक्षण आणि दीक्षा लागते. पुरोहित मात्र जन्मानेच तयार होत राहतो. हा संस्थांच्या सातत्याचा विचार आहे आणि कोसंबींच्या मांडणीत तो दुर्बल आहे. त्यांच्या प्रमुख इतिहासग्रंथांत बाबासाहेबांच्या जातिविषयक विचारांशी सविस्तर संवाद आढळत नाही, ही उणीव सौम्य शब्दांत सांगण्याचे कारण नाही. नागपुरात १९५६ मध्ये लक्षावधी माणसे धम्माकडे वळत असताना धम्माच्या इतिहासकाराने त्या घटनेचा अर्थ लावणे अपेक्षित होते. कॉ. शरद पाटील यांनी पुढे मार्क्स-फुले-आंबेडकरवादाची मांडणी करताना कोसंबींशी जो वाद घातला तो याच पोकळीतून निर्माण झाला.

भोगवर्धनची कसोटी

हे मतभेद ग्रंथांतच ठेवावयाचे नसतील तर त्यांना भूमीवर तपासले पाहिजे. भोकरदन त्यासाठी योग्य ठिकाण आहे. कोसंबींच्या निधनानंतर काही वर्षांनी, १९७० च्या दशकाच्या आरंभी, येथे शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. १९७४ मध्ये त्याचा अहवाल निघाला. सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले. हस्तिदंताची एक स्त्रीप्रतिमा मिळाली, ती इटलीतील पॉम्पेई येथे सापडलेल्या प्रसिद्ध हस्तिदंती प्रतिमेशी मिळतीजुळती आहे. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले, म्हणजे हा संबंध त्याआधीचा. उत्खननात मिळालेल्या धान्याच्या कणांचा वनस्पतिशास्त्रीय अभ्यास डेक्कन कॉलेजचे काजळे यांनी केला. लेख, नाणी, हस्तिदंत आणि धान्य ही चारही साधने एका गावात एकत्र आली.

आणि याच गावात नदीकाठी जे कोरीव लेणे आहे ते वैष्णव असून सुमारे आठव्या शतकातील मानले जाते. सांचीच्या स्तूपास दान देणाऱ्या नगरात काही शतकांनी विष्णूचे लेणे कोरले गेले. मधल्या काळात काय घडले? कोसंबी म्हणतील : व्यापार आटला, आश्रय बदलला. बाबासाहेब विचारतील : प्रतिक्रांती कोणी संघटित केली आणि दात्यांच्या वंशजांना कोणत्या पायरीवर बसविले गेले? दोन्ही प्रश्न एकमेकांस खोडीत नाहीत. पहिल्याचे उत्तर नाणी, मणी आणि धान्य यांत शोधता येईल. दुसऱ्याचे उत्तर लेखांत, मूर्तींत, भूदानांत आणि गावाच्या आजच्या वस्तीच्या रचनेत शोधावे लागेल. एकाच प्रकारचा पुरावा जमविणारा संशोधक अर्धे उत्तर देईल.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. कोसंबींची पद्धत आपण निःसंकोचपणे घ्यावी. मोजावे, पाठांची छाननी करावी, गावात पायी हिंडावे, आणि काव्य व तत्त्वज्ञान यांना ज्या माणसांनी ते निर्माण केले आणि ज्यांच्या श्रमावर ते उभे राहिले त्यांच्यापासून तोडू नये. त्यांचा निष्कर्ष मात्र बाबासाहेबांनी घातलेल्या प्रश्नासमोर उभा करावा : या व्यवस्थेत माणसाचे माणूसपण कोणी नाकारले आणि कसे? जालना जिल्ह्यातील महाविद्यालयांत आज वनस्पतिशास्त्र शिकणारी बौद्ध कुटुंबांतील मुले-मुली आहेत, आणि विहारांत पालीचे वर्ग घेणारे उपासक आहेत. भोकरदनच्या टेकाडावर या दोघांनी एकत्र जावे. एकाने धान्याचा कण ओळखावा, दुसऱ्याने दानलेखातील नाव वाचावे आणि दोघांनी मिळून विचारावे की हे धान्य पिकविणारा कोण होता व त्याचे नाव कोणत्या शिळेवर कोरले गेले नाही. विद्येच्या वाटण्या मोडल्याशिवाय हा प्रश्न नीट विचारलाही जाणार नाही.